सर्पमित्र पोचेपर्यंत काय करायचे ते दाखवा: गोव्यात वन्यजीव-बचावाचे उपयोगी व्हिडिओ कसे करावेत

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यातल्या कुठल्याही वाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सापाचा व्हिडिओ येतोच. हाफ पँटमधला एक तरुण, शेपटीला धरून लोंबकळवलेला नाग, भोवती मोबाइल उंचावलेली पोरे, मागे ढॅणढॅण संगीत आणि शेवटी 'सुखरूप जंगलात सोडले' अशी ओळ. यातून बघणाऱ्याला काय कळते? साप पकडणे हे धाडसाचे आणि तसे सोपेच काम आहे, एवढेच. आपल्या न्हाणीघरात साप दिसला तर दार लावून घ्यायचे की उघडे ठेवायचे, हे तो व्हिडिओ दहादा बघूनही त्याला कळत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, बचावाच्या व्हिडिओत मुख्य माणूस पकडणारा नको, ज्याच्या घरी प्राणी आला तो हवा. फोन केल्यापासून वन खात्याचा माणूस किंवा सर्पमित्र दारात येईपर्यंत वेळ जातो, आणि पावसात तर चांगलाच जातो. साप मारला जातो तो याच वेळात, कोणाला चावतो तोही याच वेळात. घुबडाच्या पिल्लाच्या चोचीत कोणीतरी दयेपोटी पाणी ओततो तेही तेव्हाच. ही मधली वेळ कशी सांभाळावी हे शिकवणारा व्हिडिओ कामाचा. पुढचे टप्पे याच हिशेबाने मांडले आहेत.

पहिला टप्पा: कॅमेऱ्याआधी एक वाक्य

कागदावर लिहा: 'हा व्हिडिओ बघून माणूस अमुक करील.' वाक्यात दोन क्रिया आल्या तर दोन व्हिडिओ करा. 'वन्यजीवांबद्दल जागृती व्हावी' हे वाक्य चालत नाही, कारण त्यावरून काय शूट करायचे ते ठरत नाही. ही वाक्ये चालतात:

खोलीत साप दिसला की दार ओढून घेईल आणि खालच्या फटीत पायपुसणे गुंडाळून घालील.
घरट्यातून पडलेले पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवील, त्याला काही भरवणार नाही.
उंदरासाठी चिकट पुठ्ठा लावणे बंद करील, कारण त्यावर साप आणि पाली चिकटून तडफडतात.
वटवाघूळ उघड्या हाताने उचलणार नाही.

वाक्य ठरले की प्रेक्षकही ठरतो. चिकट पुठ्ठ्याचा व्हिडिओ म्हापशातल्या किराणा दुकानदाराला दाखवायचा आहे. दाराखालच्या फटीचा व्हिडिओ पर्वरी किंवा कदंब पठारावर डोंगर कापून उभ्या राहिलेल्या वसाहतींत राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी आधी साप फक्त टीव्हीवर बघितलेला असतो. कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीत, वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागते. त्याला भीती कमी असते, आणि त्याचा धोका नेमका तोच.

दुसरा टप्पा: परवानगी आणि कायदा

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीत जिवंत प्राणी पकडणेही येते. परवानगीशिवाय साप धरून व्हिडिओ टाकणारा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करत असतो. तेव्हा आधी तुमच्या भागाच्या रेंज फॉरेस्ट ऑफिसरला भेटा, काय करणार आहात ते सांगा, आणि खात्याला माहीत असलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बचावकर्त्याबरोबरच जा. विहिरीत पडलेल्या जनावराला बहुधा अग्निशमन दल काढते. तिथे दोरी लावायच्या जागेपासून लांब उभे राहायची तयारी ठेवा.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला किंवा चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य यांच्या हद्दीत चित्रीकरण करायचे असेल तर लेखी परवानगी वेगळी लागते. ड्रोनचा मोह सोडा. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, उत्तरेला मोपाचा विमानतळ, त्यामुळे गोव्याच्या बऱ्याच भागात उडवण्यावर निर्बंध आहेत. शिवाय घरट्यावरून ड्रोन गेला की घारी बिथरतात. बचावाच्या व्हिडिओत वरून काढलेल्या दृश्याला तसे कामही नसते.

घरमालकाची संमती तोंडी घेतली तरी ती कॅमेऱ्यावर घ्या. मुले दिसणार असतील तर आईवडिलांना विचारा. घराचा नंबर, गाडीची पाटी, देवघर नकळत चौकटीत येत नाहीत ना, ते बघा.

आणि एक नियम मोडायचा नाही: रिटेक नाही. 'जरा परत सोडा, नीट आला नाही' असे म्हणून पिशवीतला साप पुन्हा लादीवर सोडायला लावणारे कॅमेरावाले असतात. साप आधीच दमलेला आणि घाबरलेला असतो, आणि दुसऱ्या वेळी पकडणाऱ्याचा हातही सैल पडतो. शॉट हुकला तर हुकला. मुद्दाम प्राणी संकटात टाकून मग 'वाचवल्याचे' नाटक करणारे व्हिडिओ यूट्यूबच्या नियमांतही बसत नाहीत.

तिसरा टप्पा: जागेवर कुठे उभे राहायचे, काय टिपायचे

जागेवर पोचल्यावर बचावकर्त्याला एकच प्रश्न विचारा: 'दादा, मी कुठे उभा राहू?' तो दाखवील तिथेच उभे राहा. साधारण तीन-चार मीटरचे अंतर हवे, मागे भिंत नको, पाठीमागची वाट मोकळी हवी. सापाला पळायची जी वाट आहे, तिच्यात उभे राहू नका. फोनचा दुप्पट-तिप्पट झूम वापरा. चित्र थोडे फुटले तर बिघडत नाही. सेल्फी स्टिक पुढे सरकवत नेणारा माणूस मात्र पिंजऱ्याबाहेरच्या माकडासारखा दिसतो, आणि काम करणाऱ्याचे लक्ष त्याच्यावरच जाते.

आता शॉट. सगळ्यांत महत्त्वाचे शॉट प्राणी दिसायच्या आधीचे असतात. साप जिथून आला ती जागा जवळून घ्या: चिऱ्याच्या भिंतीतली सुटलेली जोड, न्हाणीघराच्या मोरीची जाळी नसलेली नळी, बाल्कांवच्या (दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या) कोपऱ्यात रचलेल्या नारळाच्या सोडणांचा ढीग, दाराबाहेर एकावर एक पडलेल्या चपला, कोंबड्यांची खुराडी. प्रत्येकी तीन-चार सेकंद, कॅमेरा न हलवता. मग घरातल्या माणसाचा हात: 'इथून गेला, वॉशिंग मशिनच्या मागे.' हा हात दाखवणारा शॉट मला नागाच्या फण्यापेक्षा मोलाचा वाटतो. बघणाऱ्याला लगेच आपले वॉशिंग मशिन आठवते.

पकडण्याची पद्धत दाखवायची असेल तर पाइप आणि पिशवीची दाखवा. काळ्या जाड कापडाची लांब पिशवी असते, तिचे तोंड पीव्हीसी पाइपच्या टोकाला घट्ट बसवलेले असते. पाइप जमिनीला टेकवून सापाच्या वाटेत धरतात. साप अंधारी आडोशाची जागा शोधतच असतो. हुकने मागून हलकेच वळवले की तो बिळात शिरावा तसा पाइपात शिरतो आणि आत पिशवीत उतरतो. मग पाइपाच्या खाली पिशवीला पीळ, पाइप बाजूला, वर गाठ. हात सापाला लागतच नाही. कॅमेरा बाजूने आणि खाली, लादीपासून वीतभर उंचीवर, छोट्या ट्रायपॉडवर ठेवा आणि तुम्ही मागे व्हा. हे दृश्य शांत असते, थोडे कंटाळवाणेही. ते तसेच ठेवा. साप पकडणे कंटाळवाणे दिसू लागले की नक्कल करायला निघालेल्या पोरांचा उत्साह मावळतो.

शेपटीला धरलेला साप, गळ्यात घातलेला अजगर, घोरपडीबरोबर फोटो असले शॉट घेऊच नका. 'संपादनात काढू' म्हणून घेतलेला शॉट शेवटी कोणाच्या ना कोणाच्या स्टेटसवर जातोच.

रात्रीच्या प्राण्यांवर टॉर्च थेट मारू नका. उजेड भिंतीवर किंवा छतावर टाकून परतवा. उदमांजर छपरावर असेल तर मंगळुरी कौलांच्या फटीतून दिसणारी शेपटी पुरते, डोळ्यांत झोत मारून चेहरा मिळवायची गरज नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात तेव्हा तर पांढरा उजेड अजिबात नको. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, आणि समुद्र सोडून शॅकच्या दिव्यांकडे सरकतात.

चौथा टप्पा: तांत्रिक, पण थोडक्यात

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरताना दिसत असतील तर फोनच्या सेटिंगमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. रिझोल्यूशन १०८०पी पुरे, उभे चित्र. फोरकेने फोन तापतो आणि पावसाळ्यात आधीच दमट असलेल्या खोलीत तो ऐन वेळी बंद पडतो.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर धुके धरते. पोचायच्या दहा मिनिटे आधी एसी बंद करून काचा खाली करा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. त्यावर केसाळ टोपी हवी, नाहीतर किनाऱ्यावर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर मुलाखत तिथे घेऊ नका, दुसऱ्या दिवशी घ्या.

पाचवा टप्पा: घरच्या माणसाला बोलते करा

'तुम्हाला काय वाटले?' असे विचारले की 'भीती वाटली' एवढेच उत्तर येते. क्रमाने विचारा. पहिल्यांदा कोणाला दिसला? तुम्ही कुठे होता? पहिला फोन कोणाला केलात? शेजारी काय म्हणाले? कोणी काठी आणली का? शेवटचा प्रश्न जरूर विचारा. बहुतेक घरांत कोणीतरी काठी आणलेलीच असते, आणि ती का वापरली नाही हे त्यांच्याच तोंडून आले तर तुमच्या दहा वाक्यांचे काम होते.

'भावजी काठी घेऊन आले, म्हटले, थांबा हो, तो न्हाणीघरात आहे, दार लावलंय, कुठे जातोय?' असे एखादी वयनी हसत सांगते तेव्हा व्हिडिओ तिथेच पूर्ण झाला समजा.

माणूस कोकणीत बोलत असेल तर कोकणीतच बोलू द्या, खाली मराठी ओळी द्या. बांधकामावरच्या मजुरांसाठी तोच व्हिडिओ हिंदी किंवा कन्नड ओळींसह वेगळा काढा. दगड-विटांच्या ढिगात हात घालणारे तेच असतात.

सहावा टप्पा: माहिती तपासल्याशिवाय एक ओळ लिहू नका

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण चुकीचे नाव जीव घेऊ शकते. घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावणारे लोक आहेत. दोन्हींच्या अंगावर तपकिरी ठिपके असतात म्हणून. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत तसाच घोळ होतो. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेजवळ पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे उलट. ही माहिती तुमच्यासाठी आहे, शीर्षक चुकू नये म्हणून. प्रेक्षकाला 'असा दिसला तर बिनविषारी, घाबरू नका' असे शिकवू नका. रात्री टॉर्चच्या उजेडात पट्टे मोजत बसायची त्याला सवय लावायची नाही. त्याच्यासाठी एकच नियम: लांब राहा.

दूध पाजणे, पुंगी, सूड घेणारी नागीण असल्या समजुती खोडून काढायच्या तर त्या आधी मोठ्या अक्षरांत दाखवू नका. लोकांच्या लक्षात मोठी अक्षरेच राहतात. सरळ सांगा: साप दूध पिणारा प्राणी नाही, तहानेने कोरडा पडलेला साप समोर येईल ते पितो.

सर्पदंशाचा भाग प्रत्येक सापाच्या व्हिडिओत असावा, पंधरा सेकंदांचा, आणि शब्द ठरलेले असावेत. चावलेला हात किंवा पाय हलवू नका, मोडलेल्या हाडासारखा आधार द्या. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. दोरी घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, औषधी पाला लावत बसू नका. १०८ला फोन करा. प्रतिविष रुग्णालयातच मिळते, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेले आहे, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हे वाक्य खोटे आहे, असे स्पष्ट म्हणा. हा भाग एखाद्या डॉक्टरला दाखवून मगच टाका.

पक्ष्यांसाठीही ठरलेले शब्द करा. पुठ्ठ्याचे खोके, बाजूला पेन्सिलच्या टोकाने पाडलेली भोके, आत जुना सुती कपडा, झाकण बंद, शांत जागा. पाणी चोचीत ओतायचे नाही, भात-दूध भरवायचे नाही. खोके तयार करतानाचे हात वरून शूट करा, वीस सेकंदांत सगळे येते. गव्हाणी घुबड दिवसा कावळ्यांनी घेरलेले सापडले की लोक अपशकुन म्हणतात. तिथे वाद घालण्यापेक्षा खोके दाखवा.

सातवा टप्पा: संपादन

पहिल्या तीन सेकंदांत प्राणी नको, प्रश्न हवा: दाराची फट आणि 'साप आत गेला. आता?' ही ओळ. मग घरच्या माणसाने केलेली योग्य गोष्ट, मग बचाव, मग दंशाची पंधरा सेकंदे. सगळे मिळून दीड मिनिटाच्या आत. ओळी चौकटीच्या खालच्या टोकाला देऊ नका, तिथे फोनवर बटणे येतात. किंकाळ्या, लाल बाण, 'थरारक' हा शब्द आणि तोंड उघडलेल्या नागाचे मुखचित्र टाळा. बघणारे कमी होतील हे मला मान्य आहे. जे राहतील ते दार लावायला शिकलेले असतील.

सोडण्याची जागा दाखवू नका. साप शक्यतो सापडला त्याच्या जवळपासच्या योग्य अधिवासातच सोडतात, आणि ते ठिकाण ओळखू आले की शेजारी भांडायला येतात. पाणमांजराची बिळे, घुबडाचे घरटे, अजगराची जागा यांचे नाव तर गावापुरतेही घेऊ नका. अपलोड करण्याआधी फाइलमधली लोकेशनची नोंद बंद आहे ना, पाहून घ्या.

संपर्काचे नंबर चित्रात कोरू नका. ते बदलतात, आणि जुना व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरत राहतो. १०८ एवढाच आकडा चित्रात, बाकीचे खालच्या मजकुरात.

आठवा टप्पा: कोणता व्हिडिओ कधी सोडायचा

गोव्याचे वर्ष हाताशी धरा. मे संपता संपता दाराच्या फटी, मोऱ्या आणि सोडणांचे ढीग. जूनच्या पहिल्या पावसात बेडूक. 'जंपिंग चिकन' म्हणून बेडकांच्या तंगड्या खाण्याचा प्रकार अजून पुरता थांबलेला नाही, आणि शेतात बेडूक कमी झाले की किडे वाढतात हे शेतकऱ्याच्याच तोंडून यावे.

चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस तर सोन्याचे. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी लोक रानात शिरून कांगले, घागऱ्या, रानफळे आणतात, झुडपांत हात घालतात. 'आधी काठीने पाला हलवा, पायात बूट घाला' असा एक मिनिटाचा व्हिडिओ त्या वेळी घरोघर बघितला जातो. दुसरा विषय घुमट या मातीच्या, कातडे लावलेल्या वाद्याचा. २०१९ साली घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. परंपरेने त्याला घोरपडीचे कातडे लावत, आणि घोरपड कायद्याने संरक्षित आहे. आता बकऱ्याचे कातडे लावून वाजवणारे कलाकार आहेत. त्यांच्याकडून दोन ताल वाजवून घ्या, आणि 'आवाज कसा लागतो?' एवढेच विचारा. घोरपड वाचवण्यावर याहून चांगला व्हिडिओ गोव्याबाहेर कोणाला करता येणार नाही.

मगरीसाठी कुंभारजुवे कालव्याच्या काठचे आणि खाजन शेतीतले (भरतीचे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीतले) लोक शोधा. फोंडा तालुक्यात दुर्भाट, भोम भागात पौष महिन्यात मातीची मगर थापून पूजतात, त्याला मानगे थापणी म्हणतात. बांध राखणारा शेतकरी मगरीबद्दल कसा बोलतो ते ऐका. मगर दिसली म्हणून दगड मारणाऱ्या पर्यटकाला आपण समजावण्यापेक्षा त्याने समजावलेले बरे.

दिवाळीला फटाके आणि पक्षी, नोव्हेंबरनंतर कासवे, मार्च-एप्रिलात विहिरींचे कठडे आणि डोंगरांना लागणारे वणवे. माकडांना खायला घालू नका हा विषय बारमाही.

नववा टप्पा: पोचवणे

यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर टाकाच, पण खरे काम व्हॉट्सअॅपवर होते. तिथे व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जाऊन ओळी वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा छोटी फाइल स्वतःच बनवून द्या. पंच, सोसायटीचा सचिव, शाळेतल्या बाई, देवळाच्या समितीतला कोणीतरी, बांधकामावरचा सुपरवायझर, एवढ्यांना एकेकट्याने पाठवा, सोबत दोन ओळी स्वतःच्या लिहा. ग्रामसभेच्या सुरुवातीला दाखवायला सरपंच सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त आवाजाची सोय तुम्ही न्या.

किती जणांनी पाहिला हा आकडा फारसा कामाचा नाही. महिन्यातून एकदा बचावकर्त्यांना विचारा की फोन करणारे काय बोलतात. 'लवकर या, मारतो नाहीतर' असेच अजून ऐकू येत असेल तर पहिली दहा सेकंदे नव्याने कापा आणि दाराच्या फटीचा तुकडा तेवढाच वेगळा काढून पुन्हा पाठवा. 'दार लावलंय, खाली पायपुसणं घातलंय' असे ऐकू येऊ लागले, तर पुढचा विषय घ्या.